मोठ्या पुरस्कारांमागच्या बाया

देवगाव रंगारीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "नोबेल, मॅगसेसे म्हणतात ते काय असतं? अन् ते आपल्यासारख्यांना मिळतं का?" आज त्याचाच इतिहास बघू.

आल्फ्रेड नोबेल हे स्वीडनचे. सुरुंगाला लागणारं डायनामाइट त्यांनी शोधलं अन् अमाप पैसा कमावला. १८९६ साली ते वारले. या पैशाच्या व्याजातून जगाच्या भल्याचं काम करणाऱ्यांना दरवर्षी बक्षीस द्यावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. विज्ञान, साहित्य अन् शांततेसाठी १९०१ पासून ही बक्षिसं सुरू झाली. मेरी क्युरी या पहिल्या महिला मानकरी, साल १९०३. पण आधी शिफारशीत त्यांचं नावच नव्हतं, नवऱ्याचं होतं. काम दोघांचं आहे, असं नवऱ्याने कळवलं, तेव्हा नाव जोडलं गेलं.

२००६ चं शांततेचं नोबेल बांगलादेशचे मुहम्मद युनूस अन् त्यांची ग्रामीण बँक यांना अर्धं अर्धं मिळालं. बँकेच्या वतीने ऑस्लोला मंचावर गेल्या तस्लिमा बेगम. कर्ज काढून शेळी घेतलेली, आपल्यासारखीच गावातली बाई!

मॅगसेसे पुरस्कार फिलिपाईन्सचा. विमान अपघातात गेलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने तो १९५८ पासून देतात. पहिल्याच वर्षी आपले विनोबा भावे मानकरी होते. १९७९ साली तो डॉ. रजनीकांत अन् डॉ. मेबल आरोळे या जोडप्याला मिळाला. १९७० पासून त्यांचं काम जामखेडला, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या. मग गावानेच आपली एक बाई निवडायची अन् तिला आरोग्याचं शिकवायचं, असं ठरलं. यातल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित. बाळंतपण सुखरूप करणं, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी देणं, बाळांचं वजन करणं हे त्या शिकल्या. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांना लोक बाळंतिणीच्या उशाशी बोलावू लागले.

त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. छताच्या महागड्या झुंबराकडे बोट करून त्यांनी साधा दिवा पेटवला. झुंबर परवडत नाही, पण एका दिव्यावर दुसरा लावता येतो, असं त्यांनी मोठमोठ्या डॉक्टरांना समजावलं.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या पुढे पारोळा तालुका लागतो. तिथल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांना २०११ साली मॅगसेसे मिळाला. त्यांचं काम बचत गटांचं, बायांनी शिवलेल्या गोधड्यांचं.

पुरस्काराच्या कागदावर एखाद-दोन नावं मावतात. मागच्या बायांची नोंद कुणी ठेवली तरच राहते. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत अध्यक्ष-सचिवांच्या सह्या असतात. पण बँकेत चार खेटे कुणी घातले, थकलेला हप्ता कुणी भरून घेतला, दारूचा गुत्ता बंद करायला पुढं कोण झालं, हे कुठंच नसतं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीच्या नावापुढं तिचं काम लिहा. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीने लिहावं, अन् वाचूनही दाखवावं.