डेटा लिंक स्विचिंग : राउटरची क्षमता-चाचणी

मेनफ्रेम संगणकाची एसएनए पद्धतीची वाहतूक आयपी जाळ्यावरून नेणारे राउटर किती भार पेलतात, हे तपासण्याची रीत. एसएनए ही आयबीएमने १९७४ मध्ये जाहीर केलेली संपर्करचना. बँका आणि विमा कंपन्यांच्या शाखांतील ३२७० जातीचे टर्मिनल तिच्यावर चालत.

अशा टर्मिनलचा पडदा २४ ओळी, ८० रकाने, म्हणजे जेमतेम १,९२० अक्षरांचा. वाहतूक थोडी, पण उतावळी. फ्रेम पाठवल्यावर साधारण सेकंदभरात पोचपावती आली नाही, तर एलएलसी२ हा दुवा-नियम पुन्हा विचारतो आणि काही प्रयत्नांनंतर जोडणीच तोडतो. आयपी जाळ्यात मार्ग बदलताना काही सेकंद सहज जातात. तेवढ्यात कारकुनाचे अर्धवट काम हातचे जाते.

यावरचा तोडगा, म्हणजे डेटा लिंक स्विचिंग (डीएलएसडब्ल्यू), आयबीएमच्या ६६११ राउटरवर आला. त्याचे वर्णन मार्च १९९३ मध्ये आरएफसी १४३४ या इंटरनेट-दस्तऐवजात प्रसिद्ध झाले आणि एप्रिल १९९५ मध्ये आरएफसी १७९५ ने त्याची जागा घेतली. यात टर्मिनलला पोचपावती जवळचाच राउटर देतो आणि माहिती टीसीपीवरून पलीकडच्या राउटरकडे जाते.

चाचणी करणारा फसतो तो इथेच. टर्मिनलच्या बाजूला पोचपावतीचा वेळ मोजला, तर आकडे फार सुंदर येतात. त्यांतून मेनफ्रेमपर्यंत काय पोचले ते मुळीच कळत नाही. कळ दाबल्यापासून उत्तराचा पडदा येईपर्यंतचा वेळ हेच खरे माप.

जाळ्यातील उपकरणांच्या चाचणीची नेहमीची रीत सांगणाऱ्या आरएफसी २५४४ मध्ये इथरनेटसाठी ६४ ते १,५१८ बाइटच्या फ्रेम वापरून, एकही फ्रेम न गमावता साधणारा कमाल वेग मोजतात. तो उपयोगी आहे, पण इथे अपुरा. प्रत्येक माहिती-फ्रेमला १६ बाइटचे डीएलएसडब्ल्यू शीर्ष, शिवाय टीसीपी आणि आयपीचे किमान २०-२० बाइट लागतात. ४० बाइटच्या नोंदीला ५६ बाइटचे वेष्टन! त्यात प्रत्येक सर्किटची, म्हणजे टर्मिनल ते मेनफ्रेम या एकेका जोडणीची, स्थितीही राउटरला लक्षात ठेवावी लागते.

म्हणून दोन राउटरमध्ये ६४ केबीपीएससारखी संथ लाइन ठेवून सर्किटांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवतात, मग त्याच लाइनवर मोठी फाइल सोडतात. सरासरी वेळेपेक्षा सर्वांत वाईट वेळ अधिक बोलका असतो. सर्व टर्मिनल एकदम सुरू करून सर्किट उभारणीचा वेगही पाहतात.

पलीकडची बाजू संथ झाली की पोचपावती दिलेली माहिती राउटरच्या बफरमध्ये साचते. अशा वेळी तो टर्मिनलला थांबवतो का, हे तपासावेच लागते. शेवटी लाइन काही सेकंद काढून परत जोडतात व टिकलेल्या जोडण्या मोजतात. टीसीपी जोडणीच तुटली, तर राउटरने स्थानिक सर्किटही लगेच बंद करायला हवे. नाहीतर न पोचलेली नोंद पोचली असे समजून टर्मिनल वाट पाहत राहते.