पडदे रंगवणाऱ्यांचा सिनेमा

कोल्हापूरच्या सिनेमाचा विषय निघाला की लोक कंपन्यांची आणि नटनट्यांची नावं घेतात. मी उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे मला आधी आठवतात ते पडदे. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पार शेवटच्या रांगेत बसलेल्याला महाल हा महालच वाटला पाहिजे, आणि सगळं काही रंगवत बसायला तर सवड नसते. मग दोनचार वस्तू निवडायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. ही निवड हेच त्या धंद्यातलं खरं कसब. आनंदराव १९१६ साली गेले. दोघांनी आरंभलेलं कॅमेरा बनवण्याचं काम बाबूरावांनी तडीस नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि ‘पेंटर’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं.

आपल्याकडे सिनेमातल्या बारीकसारीक वस्तूंना बोलतं केलं ते लेखकांच्या आधी या रंगाऱ्यांनी, असं माझं मत आहे.

बाबूरावांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ घ्या. जमीन गमावून गिरणीत मजुरीला जाणाऱ्या शेतकऱ्याची ही गोष्ट. शेतकऱ्याचं काम तरुण शांतारामांनी केलं होतं. हा मूकपट आज पाहायला मिळत नाही. पण त्यातला एक शॉट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीत राहिला आणि तिथून तो इतिहासात आला : काळोखातली भकास झोपडी आणि रडणारं कुत्रं. आवाज नाहीच! रात्री कुत्रं रडलं की घरात काहीतरी वाईट होणार, हे ज्या प्रेक्षकाला लहानपणापासून ठाऊक, त्याने तो आवाज स्वतःच ऐकायचा. चित्र अर्धं काम करतं, उरलेलं गाव करतं.

बाबूरावांच्याच कंपनीत तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम १९२९ साली सीताराम कुलकर्ण्यांना सोबत घेऊन बाहेर पडले आणि ‘प्रभात’ उभी राहिली. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. तिथला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा टेलिफोटो लेन्समधून पडदाभर दिसतो. दिग्दर्शक शांताराम तेव्हा नुकतेच जर्मनीहून आले होते, आणि त्या डोळ्यात तिकडच्या सिनेमाची सावली दिसते. दरारा बसतो खरा, पण त्या डोळ्याचा अर्थ एकच : भीती. पाहणाऱ्याला करायला काही उरत नाही.

१९३७ च्या ‘कुंकू’त मात्र कोल्हापूरचा पडदेवाला परत येतो. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावलेली नीरा त्यांना नवरा मानायला नकार देते. या भूमिकांत शांता आपटे आणि केशवराव दाते. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, घरातलेच आवाज. त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक ठळक ऐकू येते. आरशाच्या तुकड्यांत काकासाहेबांचा चेहरा फुटतो.

‘घड्याळ म्हणजे सरत चाललेलं वय’ एवढं लिहून हल्ली पोरं मोकळी होतात. चूक नाही, पण आळशी उत्तर आहे. जुन्या घरांत घड्याळाला किल्ली द्यायचं काम बहुधा कर्त्या पुरुषाचं असे. घराची वेळ त्याच्या हातात. नीरा कुणाच्या वेळेवर जगायला नकार देते, हे त्या घड्याळात आधी दिसतं आणि म्हातारपण मागून. कुंकवाचंही तसंच. ती टिकली दिग्दर्शकाने योजलेली खूण नव्हेच. समाजाने ती बाईच्या कपाळावर आधीच लावून ठेवली होती, आणि १९३७ सालच्या प्रेक्षकाला ती कुणी समजावून सांगावी लागली नाही.

समजावण्याची गरज पुढे पडली. प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ साली पुण्यातच फिल्म अर्काइव्ह झालं, आणि प्राध्यापक सतीश बहादूर ‘पाथेर पांचाली’ शॉटमागून शॉट उलगडून शिकवू लागले. त्या चित्रपटात दुर्गाने चोरलेली माळ तिचा भाऊ अपू तळ्यात फेकतो आणि शेवाळ पुन्हा मिटतं. ही माळ कितीदा तरी फळ्यावर चढली असेल. सिनेमा वाचायची ही सवय पुण्याने देशाला लावली. मी तिचा ऋणी आहे.

माझी तक्रार एवढीच, की वाचनाची घाई वस्तूच्या आधी अर्थाकडे धावते. माझ्या वर्गात मी पोरांना आधी ती वस्तू काढायला लावत असे : घड्याळ कुठल्या भिंतीवर, किती उंच, किल्ली कुणाच्या हाताला पोचेल? चित्र पुरं होईपर्यंत निम्म्या पोरांना अर्थ सांगावाच लागत नसे. आणि ज्या वस्तूला त्या घरात खूण होण्याआधी काहीच काम नव्हतं, ती वस्तू दिग्दर्शकाने फुकट टांगली आहे असं खुशाल समजावं.