वार्तेचा वेग आणि वार्तेची वाट

पानिपताचा भाग शिकवून संपला, कीं वर्गांतील एखादा विद्यार्थी आम्हांस बहुधा दरसाल एकच प्रश्न विचारतो: "सर, त्या वेळीं फोन असता तर?" प्रश्न पोरकट वाटला, तरी त्याच्या पोटीं एक समजूत आहे. ती अशी कीं, बातमीचा वेग हा केवळ साधनाचा गुण होय. जसें साधन, तसा वेग. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस पुरी उतरत नाहीं, असें आमचें मत आहे.

इ. स. पूर्वीं पांचव्या शतकांतील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें इराणच्या राजमार्गाचें वर्णन केलें आहे. सार्दिसपासून सूसापर्यंत सुमारें पंधराशें मैलांची ही वाट. तिजवर मुक्कामाचीं १११ ठाणीं. पायीं जाणाऱ्यास हा प्रवास ९० दिवसांचा, असा त्याचा हिशेब आहे. परंतु राजाची डाक निघाली, म्हणजे ठिकठिकाणीं ताजा घोडा व ताजा स्वार सिद्ध असे. एकाच्या हातचें पत्र दुसऱ्यानें घ्यावें आणि पुढें दौडावें. आधुनिक विद्वानांच्या अजमासानें ही डाक आठदहा दिवसांत टोंकास पोंचत असावी. एकट्या स्वारास एकाच घोड्यावर हें कधींच साधलें नसतें. हा वेग घोड्याचा नव्हे, बंदोबस्ताचा होता.

यानंतर सुमारें बावीसशें वर्षांनीं आपल्याकडे काय झालें, तें पाहावें. १७६० च्या ऑक्टोबरांत अब्दालीनें बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊसाहेबांची फौज व दिल्ली यांच्या मध्यें येऊन उभा राहिला. रसद तुटली, तशी डाकही तुटली. मराठ्यांचे जासूद व सांडणीस्वार चपळ नव्हते, असें नाहीं. त्यांना वाट उरली नव्हती. १४ जानेवारी १७६१ रोजीं लढाई झाली. नानासाहेब पेशवे त्या वेळीं मदतीसाठीं उत्तरेकडे येत होते. त्यांस पराभवाची वार्ता मिळाली ती सुमारें दहा दिवसांनीं, माळव्यांत भेलशाच्या सुमारास. आणि तीही आपल्या सरदाराकडून नव्हे, तर औरंगाबादेकडे निघालेल्या एका सावकारी कासदाजवळच्या पत्रावरून. मोत्यांच्या व मोहरांच्या सांकेतिक भाषेंतील तें पत्र मराठी वाचकांस परिचित आहेच. पानिपत ते भेलसा हें अंतर साडेचारशें मैलांच्या आसपास. म्हणजे प्राचीन इराणी डाकेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेग! राज्याच्या डाकेपूर्वीं सावकाराची डाक पोंचावी, ही गोष्ट आम्हांस त्या पराभवाइतकीच बोधप्रद वाटते. नानासाहेब त्याच वर्षीं जून महिन्यांत पुण्यास वारले.

विजेच्या तारेनें वार्तेस माणसाच्या व जनावराच्या पायांपासून सोडविलें, यांत शंका नाहीं. हिंदुस्थानांत १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार सुरू झाली. १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें जोडलीं गेलीं. ११ मे १८५७ रोजीं मीरतेचे शिपाई दिल्लींत शिरले, तेव्हां तेथील तारऑफिसांतून अंबाल्यास इशारा गेला. तो लाहोरास पोंचला, आणि १३ तारखेस मियाँमीर येथील देशी पलटणींचीं हत्यारें काढून घेण्यांत आलीं. या वेळीं वाट इंग्रजांच्या हातीं होती. परंतु उठाव करणाऱ्यांनीं जेथें जेथें तारा तोडल्या, तेथें इंग्रजांनाही पुन्हां कासदाच्या पायांवर विसंबावें लागलें.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. १८७० सालीं समुद्रांतील तारेनें मुंबई इंग्लंडशीं जोडली गेली. जुलै २०१३ मध्यें आपल्याकडील तारसेवाही बंद झाली. आज मुंबईच्या किनाऱ्यास लागणाऱ्या काचेच्या तंतूंतून वार्ता प्रकाशरूपानें धांवते. तथापि त्या तंतूंनाही राखण लागते. तो तुटला किंवा कोणी बंद केला, कीं प्रकाशही थांबतो.

म्हणून त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर ठरलेलें आहे: बाबा रे, फोन असता, तरी अब्दालीनें प्रथम त्याचा खांब पाडला असता. भाऊसाहेबांस उणीव होती ती वेगवान साधनाची नव्हे, दिल्लीपर्यंतच्या मोकळ्या वाटेची.