लढाऊ विमानांच्या रेडिओनियंत्रित प्रतिकृती

लढाऊ विमानांच्या रेडिओनियंत्रित प्रतिकृती : एखाद्या लढाऊ विमानाचा आकार, प्रमाण व रंगसंगती कायम राखून लहान मापात बनविलेली आणि जमिनीवरून रेडिओ तरंगांच्या साहाय्याने उडविली जाणारी चालकरहित विमाने. विमानप्रतिकृतींचे सामान्यतः चार प्रकार मानतात : केवळ मांडून ठेवण्याच्या स्थिर प्रतिकृती, सोडून दिल्यावर आपोआप उडणाऱ्या मुक्त प्रतिकृती, तारांना बांधून उडवणाऱ्याभोवती वर्तुळात फिरविल्या जाणाऱ्या तारनियंत्रित प्रतिकृती आणि रेडिओनियंत्रित प्रतिकृती. यांपैकी शेवटचा प्रकार तंत्रदृष्ट्या सर्वांत अवघड असून त्याचा इतिहास प्रत्यक्ष युद्धतंत्राच्या इतिहासात गुंतलेला आहे. प्रतिकृती ही खऱ्या विमानाची नक्कल असते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि प्रतिकृतीपासून खरे शस्त्र निर्माण झाल्याची उदाहरणेही या इतिहासात वारंवार आढळतात. नागपूर व त्यालगतचे मिहान क्षेत्र येथे या दोन्ही धारा एकाच परिसरात पाहावयास मिळतात.

प्रारंभ : उडणारी प्रतिकृती ही माणसाला वाहून नेणाऱ्या विमानापेक्षा जुनी आहे. फ्रान्समधील आल्फाँस पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिस येथील त्युइलरी उद्यानात पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे छोटे विमान उडवून दाखविले. शेपटीच्या योजनेमुळे विमान हवेत आपोआप स्थिर राहू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले. पेनो यांच्या धर्तीचे एक उडते खेळणे राइट बंधूंना बालपणी त्यांच्या वडिलांनी आणून दिले होते. अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांनी १८९६ मध्ये वाफेच्या एंजिनावर चालणारी चालकरहित प्रतिकृती पोटोमॅक नदीवर यशस्वी रीत्या उडविली. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्क येथे रेडिओ तरंगांनी नियंत्रित होणारी छोटी नौका लोकांना दाखविली. लहान विमान आणि रेडिओ नियंत्रण या दोन कल्पना एकत्र येणे ही यानंतर केवळ काळाची बाब होती.

महायुद्धे व प्रतिकृती : पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड लो यांनी १९१७ मध्ये रेडिओनियंत्रित चालकरहित विमानाचे प्रयोग केले. ते फारसे यशस्वी झाले नाहीत. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी टायगर मॉथ या प्रशिक्षण विमानावरून ‘क्वीन बी’ हे रेडिओनियंत्रित विमान तयार केले. विमानवेधी तोफखान्याच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून त्याचा उपयोग होई. चालकरहित विमानास ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी हे नाव या ‘राणी माशी’वरून पडले, असे मानले जाते.

याच सुमारास अमेरिकेत छंद म्हणून प्रतिकृती बनविणाऱ्यांनी स्वतंत्रपणे प्रगती केली. वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ ही रेडिओनियंत्रित प्रतिकृती उडविली. ती पुढे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयात जतन करण्यात आली. छंदातून शस्त्रनिर्मितीकडे झालेल्या प्रवासाचे ठळक उदाहरण म्हणजे रेजिनल्ड डेनी हे होत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक दलात काम केलेल्या या चित्रपट अभिनेत्याने हॉलिवुडमध्ये विमानप्रतिकृतींच्या साहित्याचे दुकान काढले. त्यातून ‘रेडिओप्लेन’ ही कंपनी निर्माण झाली आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्या अभिकल्पाची सु. १५,००० लक्ष्यविमाने अमेरिकन सैन्यासाठी तयार झाली. स्थिर प्रतिकृतींनाही या काळात लष्करी महत्त्व आले. आकाशातील विमान आपले की शत्रूचे हे केवळ बाह्याकृतीवरून ओळखण्याच्या शिक्षणासाठी १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून १/७२ प्रमाणाच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती करवून घेण्याची योजना हाती घेतली.

रचना व तंत्र : प्रतिकृतीचा सांगाडा परंपरेने बाल्सा लाकडाचा करतात. उष्णकटिबंधीय अमेरिकेत वाढणाऱ्या या झाडाचे लाकूड अत्यंत हलके, पण वजनाच्या मानाने बळकट असते. पंखांच्या फासळ्या पातळ फळीतून कापून त्या मुख्य दांड्यावर ओवतात आणि सांगाड्यावर पातळ कागद, रेशीम किंवा प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणून बसवितात. अलीकडे फेसयुक्त प्लॅस्टिक, काचतंतू व कार्बनतंतू यांचा वापर वाढला आहे.

खऱ्या विमानाची मापे सारख्या प्रमाणात कमी केली म्हणजे प्रतिकृती तशीच उडेल असे नाही. लांबी एक-अष्टमांश केली, तर क्षेत्रफळ १/६४ व घनफळ १/५१२ होते. उदा., दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार ११·२३ मी., पंखांचे क्षेत्रफळ सु. २२·५ चौ. मी. आणि वजन सु. ३,००० किग्रॅ. होते. १/८ प्रमाणाच्या प्रतिकृतीत ही मापे अनुक्रमे १·४० मी., ०·३५ चौ. मी. व सु. ५·९ किग्रॅ. अशी येतात. पंखाच्या दर चौ. मी. वर पडणारा भार १३३ किग्रॅ. वरून सु. १७ किग्रॅ. इतका उतरतो आणि त्यामुळे हवेत टिकून राहण्यास लागणारा किमान वेग सु. एक-तृतीयांश होतो. मात्र लहान पंखावरून वाहणाऱ्या हवेचे वर्तन वेगळे असल्याने वेग थोडा कमी होताच प्रतिकृतीचे उत्थापक बल एकाएकी ढासळते. म्हणून कुशल कारागीर शेपटीचे क्षेत्रफळ किंचित वाढवितात, गुरुत्वमध्य थोडा पुढे आणतात आणि वजनातील प्रत्येक ग्रॅम वाचवितात. आखूड, त्रिकोणी पंखांच्या मिग-२१ सारख्या विमानाची प्रतिकृती उडविणे या कारणाने विशेष कठीण जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर एंजिनांत मोठी सुधारणा झाली. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये प्रचारात आणलेल्या ग्लो-प्लगमुळे प्रज्वलनासाठी विमानात घटमाला व वेटोळे बाळगण्याची गरज उरली नाही. या एंजिनांत मिथेनॉल व वंगण म्हणून एरंडेल तेल यांचे मिश्रण जळते. नियंत्रणाच्या आरंभीच्या संचांत एकच आज्ञा देता येई. बटण दाबले की सुकाणू पूर्णपणे एका बाजूस वळे. १९६० नंतरच्या दशकात प्रमाणबद्ध नियंत्रण आले. त्यात हातातील दांडी जितकी हलवावी तितकाच विमानातील सर्व्हो-मोटरचा बाहू हलतो. एकाच कंप्रतेवर दोघांनी प्रेषक चालू केल्यास विमान कोसळत असे. म्हणून उड्डाणाच्या मैदानावर प्रत्येक कंप्रतेसाठी एक खूण-चिमटा ठेवण्याची शिस्त रूढ झाली. २००५ नंतर २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील संच प्रचारात आल्यावर ही अडचण बहुतांशी संपली. त्याच सुमारास लिथियम पॉलिमर घट व ब्रशविरहित विद्युत् मोटर स्वस्त झाल्याने एंजिनाची जागा मोठ्या प्रमाणावर मोटरने घेतली.

भारतातील स्थिती : भारतात या विद्येचा शिस्तबद्ध प्रसार प्रामुख्याने राष्ट्रीय छात्रसेनेने केला. छात्रसेनेची स्थापना १९४८ मध्ये झाली आणि १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे प्रत्येकी एक वायुपथक काढून तिच्या वायुशाखेचा प्रारंभ झाला. विमानप्रतिकृती तयार करणे व उडविणे हा या शाखेच्या शिक्षणक्रमाचा भाग असून अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. बाल्सा लाकूड, एंजिने व रेडिओ संच हे सर्व परदेशातून आणावे लागत असल्याने दीर्घकाळ हा छंद खर्चिक राहिला. शिवाय १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार बिनतारी उपकरण बाळगण्यास परवाना आवश्यक होता. एका कारखान्यात किंवा घरात प्रेषक तयार करता आला, तरी तो बाळगणे ही शासनाच्या परवानगीची बाब होती. परिणामी परवाना न लागणाऱ्या तारनियंत्रित प्रतिकृतींचा प्रसार भारतात अधिक झाला. २००५ मध्ये शासनाने २·४ गिगॅहर्ट्‌झ पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. नवे संचही त्याच पट्ट्यातील असल्याने त्यानंतर रेडिओनियंत्रित प्रतिकृती सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आल्या.

नागपूर व मिहान : देशाच्या मध्यभागी असल्याने नागपूरला विमानवाहतुकीत आरंभापासून महत्त्व आहे. सोनेगाव येथील धावपट्टी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ मध्ये, ब्रिटिश वैमानिक दलासाठी तयार झाली. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतत. भारतीय वायुसेनेच्या देखभाल विभागाचे मुख्यालय नागपुरातील वायुसेनानगर येथे आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या दुसऱ्या महाराष्ट्र वायुपथकाचे ठाणेही याच शहरात आहे. त्यामुळे विमानप्रतिकृतींचे शिक्षण घेतलेल्या तरुणांची परंपरा येथे टिकून राहिली.

विमानतळालगत बहुविध आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र उभारण्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना झाली. मिहान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पासाठी खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही इ. गावांच्या शेतजमिनी घेण्यात आल्या. येथे मोठ्या विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र उभे राहिले. बोईंग ७८७ विमानाच्या तळाच्या संमिश्र पदार्थी तुळया येथेच तयार झाल्या. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी दसॉ व रिलायन्स यांच्या संयुक्त कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली आणि तेथे फाल्कन २००० या विमानाचे भाग बनू लागले. वजनाच्या मानाने जास्तीत जास्त बळकटी साधणे, हे प्रतिकृतीच्या फासळीमागील तत्त्व आणि येथील कार्बनतंतूंच्या तुळईमागील तत्त्व एकच आहे. फरक असतो तो मापाचा, अचूकतेचा व जबाबदारीचा.

तथापि विमानविद्येला वाहिलेल्या या क्षेत्रात प्रतिकृती मुक्तपणे उडविता येत नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमी. च्या आत पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण निषिद्ध आहे. ८ ते १२ किमी. च्या पट्ट्यात सु. ६० मी. उंचीपर्यंत आणि त्यापलीकडील निर्बंधमुक्त क्षेत्रात सु. १२० मी. उंचीपर्यंत उड्डाणाची मुभा आहे. मिहान विमानतळाला लागूनच असल्याने पहिल्या निर्बंधात येते. प्रवासी विमानाच्या एंजिनात दोन-तीन किलोग्रॅमची वस्तू शिरल्यास होणारा अनर्थ लक्षात घेता हा निर्बंध योग्यच ठरतो. मात्र नागपूरच्या छंदप्रेमी विद्यार्थ्याला त्यामुळे शहराबाहेर दूरचे मैदान शोधावे लागते.

खेळणे व शस्त्र : १९६९ मध्ये इझ्राएलच्या लष्कराने बाजारात मिळणाऱ्या रेडिओनियंत्रित प्रतिकृतींना छायाचित्रक बसवून सुएझ कालव्यापलीकडील ठाण्यांची छायाचित्रे घेतली. आधुनिक टेहळणी ड्रोनच्या विकासातील तो एक आरंभीचा टप्पा होता. २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धात छंदासाठी बनविलेल्या मोटरी, घट व नियंत्रक यांपासून जुळविलेली स्फोटकवाहू ड्रोन मोठ्या संख्येने वापरली गेली. नागपूरही या घडामोडींपासून दूर राहिले नाही. येथील सोलर उद्योगसमूहाच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या कंपनीने ‘नागास्त्र-१’ हे घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारे अस्त्र तयार केले. सु. ९ किग्रॅ. वजनाचे हे विद्युत्‌चलित विमान सु. अर्धा तास हवेत राहू शकते आणि लक्ष्य न सापडल्यास हवाई छत्रीच्या साहाय्याने परत उतरविता येते. त्यांपैकी पहिली १२० अस्त्रे जून २०२४ मध्ये वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील दारूगोळा भांडारात भारतीय सेनेकडे सुपूर्द करण्यात आली. वजन, विद्युत् मोटर व पंखांची रचना या बाबतींत हे अस्त्र छंदप्रेमीच्या मोठ्या प्रतिकृतीहून फारसे भिन्न नाही.

या साम्यामुळे कायद्यापुढे अवघड प्रश्न उभा राहतो. ७ ऑक्टोबर २०१४ च्या जाहीर सूचनेने नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने चालकरहित विमानांच्या नागरी वापरावर सरसकट बंदी घातली होती. तिच्या झळा छंद म्हणून प्रतिकृती उडविणाऱ्यांनाही लागल्या. २०२१ च्या नियमांत मात्र शिक्षण, संशोधन, अभिकल्प, चाचणी किंवा मनोरंजन यांसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या, २५ किग्रॅ. पर्यंतच्या प्रतिकृतींचा स्वतंत्र वर्ग मानून त्यांना प्ररूप प्रमाणपत्राच्या अटीतून सूट देण्यात आली. यंत्राच्या घडणीवरून खेळणे व शस्त्र यांतील भेद करता येत नसल्याने कायद्याने तो हेतू, अंतर व उंची यांवरून केला आहे.

महत्त्व : वायुगतिकी, विद्युत्‌शास्त्र व हस्तकौशल्य यांचे एकत्रित शिक्षण इतक्या अल्प साधनांत देणारा दुसरा छंद क्वचितच आढळेल. आपल्या हाताने केलेले विमान कोसळल्यावर मोडलेल्या फासळ्या गोळा करून चूक शोधणारा विद्यार्थी अभियंत्याची पहिली शिस्त शिकतो. मिहानसारख्या उद्योगक्षेत्रास लागणारे मनुष्यबळ अशाच विद्यार्थ्यांतून घडते. १९६५ च्या युद्धातील नॅट किंवा २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय वायुसेनेतून निवृत्त झालेले मिग-२१ ही विमाने आज केवळ संग्रहालयांत व चौथऱ्यांवर स्थिर उभी आहेत. प्रतिकृतींच्या रूपानेच ती पुन्हा आकाशात दिसू शकतात. युद्धाची स्मृती जपणारा हा छंद युद्धाचे साधनही पुरवू शकतो, हे त्याच्या दीडशे वर्षांच्या इतिहासावरून स्पष्ट होते. म्हणूनच त्याच्यासाठी सुरक्षित मैदाने, जाणते शिक्षक व स्पष्ट नियम यांची व्यवस्था करणे बंदीपेक्षा अधिक उपयुक्त ठरते.