नौगावचा किनारा आणि रक्तातील इतिहास

एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती वस्ती वसविली व तिला ‘बेथेल’ हे हिब्रू नाव दिले. अर्थ ‘देवाचे घर’. त्यांच्याच स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन मुंबईत बेने इस्रायल समाजात शिक्षणकार्य करीत होते. मराठी मातृभाषा असलेला हा यहुदी समाज मूळचा कोठला, हा प्रश्न आम्हांस म्हणूनच परका वाटत नाही.

परंपरा सांगते की, अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज तेलघाणे चालवू लागले. शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. केहीमकर, दिवेकर, पेणकर ही आडनावे कोकणातल्या गावांची. मात्र आगमनाचा लेखी पुरावा नव्हता.

२०१६ साली संशोधकांनी या समाजातील १८ व्यक्तींच्या जनुकांची तुलना इतर यहुदी, भारतीय व पाकिस्तानी समाजांशी केली. पूर्वजांकडून आलेले गुणसूत्रांचे तुकडे प्रत्येक पिढीत लहान होत जातात. त्यांच्या लांबीवरून दोन वंश केव्हा मिसळले याचा अंदाज बांधता येतो. निष्कर्ष असा: मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय, हे दोन्ही वारसे या समाजात भरीव प्रमाणात आहेत. मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे सुमारे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी झाले. त्यात पित्यांकडून यहुदी व मातांकडून स्थानिक वाटा अधिक होता. अर्थात हा काळ मिश्रणाचा आहे. गलबत केव्हा फुटले, हे त्यावरून ठरत नाही.

यहुदी धर्मशास्त्रात वंश मातेकडून मोजला जातो. त्यामुळे ही गोष्ट केवळ कुतूहलाची नाही. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या या बांधवांच्या विवाहप्रसंगी आजी-पणजीची चौकशी करावी, असा आदेश तेथील धर्मपीठाने १९६२ साली काढला होता. त्यांनी मोठा लढा दिला. १९६४ साली संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. तेव्हा जनुकांची साक्ष कोणाजवळ नव्हती. साक्ष होती ती पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या शब्बाथाची आणि सुंतेची.

रक्त पूर्वजांची वाट दाखविते. माणूस कोणाचा, हे ते ठरवीत नाही. संत मत्तयाने दिलेल्या प्रभूच्या वंशावळीत मवाबी रूथ आहे. परदेशी सून दाविदाची पणजी झाली. कोकणातल्या त्या अनाम मातांनाही असाच मान द्यावयास हवा.