चाल झेलणारे श्रोते

माउली, वणीत सप्ताह बसला की तुम्ही टाळ घेऊन उभे राहता. गायकाने चाल म्हटली की ती उचलता. त्यात नवल ते काय, असे वाटेल. पण बैठकीच्या गाण्यात श्रोत्याने फक्त मान डोलवावी, गळा गवयाचाच, अशी रीत होती.

ती मोडली कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या मुलाने, विष्णु दिगंबर पलुसकरांनी. लहानपणी दारूकामाने दृष्टी अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे रामनामाकडे वळले आणि जमलेल्या सगळ्यांना रामधून म्हणायला लावू लागले. तयारीच्या ताना ऐकायला आलेल्यांना ते रुचले नसेल. मला वाटते, घरातले कीर्तनच त्यांच्या गाण्यात परतले होते. १९३०च्या दांडीयात्रेत त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे चालता चालता सर्वांकडून भजने म्हणवून घेत.

आणि आपण? मंडपात ध्वनिक्षेपक इतका मोठा, की मागच्या टाळकऱ्याचा आवाज गायकापर्यंत पोचतच नाही. पुढच्या सप्ताहात एक अभंग तरी तो बंद ठेवून म्हणून पाहाल का?