ठिगळांचा इतिहास

ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास बहुधा नव्या आवृत्त्यांचाच लिहिला जातो. विंडोज ९५ साठी दुकानांपुढे मध्यरात्री रांगा लागल्या, हे अनेकांना आठवतं. पण नवी आवृत्ती आल्यावरही जुनी बरीच वर्षं वापरात असते, तिला ‘सपोर्ट’ही असतो. त्या काळात तिच्यातल्या चुका कशा दुरुस्त होतात? सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्यांचं निम्मं आयुष्य याच प्रश्नात जातं.

७ एप्रिल २०१४ चं उदाहरण घेऊ. ओपनएसएसएल या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ दोष त्या दिवशी जाहीर झाला. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर, प्रसंगी पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यासुद्धा, बाहेरच्या माणसाला वाचता येत होत्या. मूळ प्रकल्पाने दोष काढून १.०.१जी ही आवृत्ती दिली. डेबियन लिनक्सच्या ‘व्हीझी’त मात्र १.०.१ई होती. डेबियनने ‘ई’ काढून तिथे ‘जी’ बसवली नाही. मधले बाकीचे बदल नकोत, म्हणून फक्त दुरुस्तीच्या ओळी उचलून जुन्या ‘ई’मध्ये घातल्या. याला बॅकपोर्ट म्हणतात. गोधडीला ठिगळ लावावं तसं: फाटलंय तेवढंच शिवायचं.

परिणामी दुरुस्तीनंतरही आकडा १.०.१ई हाच राहिला. बदलली ती पॅकेजच्या नावामागची शेपटी. पुढे एका तपासणीत माझ्याकडच्या सर्व्हरवर ‘धोकादायक’ असा लाल शेरा आला, कारण तपासणीचं साधन फक्त आकडा वाचत होतं. पॅकेजमधली बदलांची नोंद दाखवल्यावर शेरा निघाला. त्याहून जुन्या ‘स्क्वीझ’मध्ये तर हा दोष नव्हताच, ज्या सोयीत दोष होता, ती सोयच तिथवर पोचली नव्हती. म्हणून जुनं ते सोनं म्हणावं, तर टीएलएस १.२ सुद्धा तिथे पोचलं नव्हतं.

एवढी सावधगिरी का? २००६ साली मेमरी तपासणाऱ्या एका साधनाच्या तक्रारी थांबवण्यासाठी डेबियनमध्ये याच ओपनएसएसएलच्या काही ओळी वगळल्या गेल्या. त्यामुळे किल्ल्या बनवताना लागणारा यादृच्छिकपणा जवळजवळ संपला. एका प्रकारच्या किल्लीच्या जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. हे उघड झालं मे २००८ मध्ये. दुरुस्ती म्हणून केलेला छोटासा बदलही काय करू शकतो, याचा हा धडा होता.

हार्टब्लीडसारख्या दोषाला निदान वाली असतो. रोज छळणाऱ्या किरकोळ दोषाचं काय? उबुंटूने २००६ साली पहिली दीर्घकालीन आवृत्ती काढली, सर्व्हरसाठी ५ वर्षांच्या सपोर्टची. तिथली रीत अशी: दोष आधी नव्या, घडत असलेल्या आवृत्तीत दुरुस्त झाला पाहिजे. नाहीतर पुढे अपग्रेड करणाऱ्याला तोच दोष पुन्हा भेटेल. मग दोष कसा घडवून दाखवायचा आणि दुरुस्तीने काय बिघडू शकतं, हे लिहायचं. दुरुस्त पॅकेज चाचणीच्या भांडारात ठेवायचं, कुणीतरी जुन्या आवृत्तीवर ते तपासायचं, आणि एरवी किमान ७ दिवस थांबून सर्वांना द्यायचं.

‘नव्या आवृत्तीत हे होतं का?’ हा प्रश्न तक्रार करणाऱ्याला टोलवाटोलवी वाटतो. वरची रीत पाहिली की त्याचा अर्थ कळतो. अडतं ते नंतर. नव्या आवृत्तीत दोष गेलेला असतो, जुन्या आवृत्तीवर चाचणी करायला कुणी पुढे येत नाही, आणि सपोर्टची मुदत संपली की तक्रार तशीच मिटवली जाते.

२०१४ मध्ये डेबियनने ‘स्क्वीझ’चं आयुष्य ५ वर्षांपर्यंत वाढवलं, तेव्हा त्या कामाच्या तासांसाठी प्रायोजकांकडून पैसे उभे करावे लागले. मला हा प्रामाणिक हिशेब वाटतो. सपोर्ट म्हणजे नुसती तारीख नव्हे. कुणीतरी जुनं मशीन चालू करून ठिगळ नीट बसलंय का, हे पाहिलं पाहिजे. आपल्या अडलेल्या दोषासाठी ते काम अनेकदा आपल्यालाच करता येतं.